मदत हवी आहे: बटरक्रीमची शेवंती ओघळते, गुलाबाच्या कडा फाटतात

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी वर्ध्याला आजीची पंचाहत्तरी आहे. केक मी करणार आहे, अंडं न घालता, कारण आजी अंडं खात नाही. तिने अंगणात वर्षानुवर्षं शेवंती लावली, म्हणून केकवर पिवळी शेवंती आणि कडेने थोडे गुलाब असावेत असं फार मनात आहे. व्हिप क्रीमवर भागवा असं घरचे म्हणतात, पण शेवंतीची अरुंद, खोलगट पाकळी मला बटरक्रीममध्येच हवी तशी रेखीव मिळते.

माझं प्रमाण: २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन चमचे दूध, व्हॅनिला. गुलाबाला १०४ नंबरचं नोझल, शेवंतीला ८१. फुलं फ्लॉवर नेलवर (सपाट, रुंद डोक्याच्या खिळ्यावर) बटर पेपरचा तुकडा चिकटवून काढते. नागपुरात पारा ४४ च्या आसपास आहे. स्वयंपाकघरात कूलर चालू असतो, एसी फक्त झोपायच्या खोलीत.

अडचण अशी: शेवंतीच्या खालच्या दोन ओळी नीट बसतात, तिसरी ओळ घालेपर्यंत सगळं फूल खाली सरकतं. म्हणून आयसिंग शुगर वाढवली, तर गुलाबाच्या पाकळीची कड कातण्याने करंजी कापावी तशी दातेरी येते. दूध घालून सैल केलं की पुन्हा ओघळ. मधला बिंदू सापडत नाहीये. स्विस मेरँग सुचवू नका, त्यात अंड्याचा पांढरा भाग लागतो.

प्रतिसाद

ताई, साखर आणि दूध दोन्ही बाजूला ठेवा. ओघळणं हा उष्णतेचा प्रश्न आहे आणि कड फाटणं हा घट्टपणाचा. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की दोन्ही बिघडतात, तुमचं तेच चाललंय.

बटर २० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं आणि ३२ ते ३५ ला वितळतं. तळहात जवळपास तेवढाच गरम असतो. म्हणजे खोली गार असली तरी क्रीम भरलेली पायपिंग बॅग हातात धरल्या धरल्या आतलं क्रीम बदलत जातं. एकाच बॅगेतून सलग फुलं काढून बघा. पहिल्या फुलाची कड स्वच्छ आणि नंतरची लोळायला लागली, तर दोष हाताच्या उबेचा. पहिलीच पाकळी फाटली, तर क्रीम कोरडं आहे किंवा नोझल दबलंय. १०४ ची फट बारीक बाजूला चिमटली जाते, सुरीचं टोक घालून अलगद उघडा. साखर घरी दळलेली असेल तर तिचे कण फटीत अडकतात आणि पाकळीला चीर पडते. विकतची असली तरी दोनदा चाळा.

बॅग अर्धीच भरा. दोन बॅगा ठेवा, एक हातात, एक फ्रीजमध्ये, आणि दर दोन फुलांनी बदला. फ्रीजमधली लगेच दाबू नका, आधी पुढचं थोडं क्रीम बाहेर काढून टाका. बीटर जोरात फिरवल्याने शिरलेली हवाही कड फोडते. शेवटी दोन मिनिटं सर्वात कमी वेगावर फिरवा आणि मग स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबत घोटा. छिद्रं जातात, क्रीम रेशमी होतं.

शेवंतीचं मर्म खालच्या उंचवट्यात आहे, म्हणजे पाकळ्या ज्यावर बसतात त्या क्रीमच्या गोळ्यात. तो ताजा, मऊ असेल तर वरच्या पाकळ्यांचं वजन त्याला पेलत नाही. नेलवर उंचवटा काढा, बटर पेपरसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्या आणि मग पाकळ्या घाला. खालची ओळ आडवी, वर जाताना पाकळ्या आखूड आणि उभ्या. दाब आधी थांबवा, नोझल नंतर ओढा, नाहीतर टोकाला शेपूट येतं.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त कूलरबद्दल सांगायचं राहिलं. कूलर हवेत पाणी सोडतो. आयसिंग शुगर ते ओढून घेते आणि बटरक्रीमवर जी पातळ पापुद्र्याची साय धरायला हवी ती धरतच नाही. फ्रीजरमधून काढलेल्या फुलांवर तर लगेच दव येतं आणि रंग ओघळतो. कूलर बंद करून एसीच्या खोलीत, दार लावून बसा.

बटरचा एक तृतीयांश भाग बेकरी शॉर्टनिंगने (डालड्यासारख्या घट्ट वनस्पती तुपाने) बदललात तर फूल उन्हाळ्यात बरंच जास्त तग धरतं. चव किंचित उतरते हे खरं, पण केकच्या आतल्या थरांत निव्वळ बटर ठेवता येईल. रंग जेलचाच घ्या आणि हव्या त्यापेक्षा फिका ठेवा, काही तासांत तो गडद होतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. एसीच्या खोलीत बसले, उंचवटा आधी गोठवला आणि शेवंती वरपर्यंत उभी राहिली! १०४ ची फट खरंच एका बाजूला दबली होती, ती उघडल्यावर गुलाबाची कडही सुटसुटीत आली. शॉर्टनिंग अजून घातलेलं नाही. आता काळजी प्रवासाची. वर्धा पाऊणशे किलोमीटर, दुपारी निघायचंय. फुलं लावूनच केक न्यावा का?

प्रतिसाद

नका लावू. एका गचक्यात वरचं फूल घसरेल. केक साधा गुळगुळीत करून न्या. फुलं आदल्या रात्री बटर पेपरच्या तुकड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात एका थरात मांडून फ्रीजरमध्ये ठेवा, निघताना तो डबा थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पॅकमध्ये बसवा. शॉर्टनिंग या फुलांपुरतं तरी घालाच, कार्यक्रमाच्या खोलीत एसी असेलच असं नाही. पोहोचल्यावर झाकण लगेच उघडू नका, दव डब्याच्या बाहेर धरू दे, ते पुसा आणि मगच उघडा. थोडं बटरक्रीम वेगळं न्या. केकवर त्याचा ठिपका देऊन फूल कात्रीने किंवा पातळ उलथन्याने उचलून बसवा, बोट लावू नका. हे सगळं केक कापायच्या अर्धा तास आधी. चार-पाच फुलं जास्तीची करा, एखादं मोडतंच.