पेन ड्राइव्ह नक्की कधी काढायचा हे कॉम्प्युटर नीट का सांगत नाही?

पत्रिकावाला

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्सची डिझाइनं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं करतो. मागच्या वर्षी दोन मशिनवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि काम छान चाललंय. अडचण पेन ड्राइव्हची आहे.

गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईकाचं फ्लेक्सचं काम पेन ड्राइव्हवर टाकलं, तीन मोठ्या फाइली, सगळं मिळून १.४ जीबी. कॉपीची पट्टी सरसर पुढे गेली, दहा-बारा सेकंदांत १०० टक्के, विंडो बंद. त्यांची एसटी सुटायला आली होती म्हणून मी पेन ड्राइव्ह काढला आणि हातात दिला. तिकडे प्रिंटिंगवाल्याने लावला तर दोन फाइली शून्य केबीच्या आणि तिसरी उघडतच नाही. माणूस रिकाम्या हाताने परत आला आणि साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी होता. रात्री दहाला मी स्वतः मोटरसायकलवर जाऊन फाइली देऊन आलो, बोर्ड वेळेत लागला, पण ते मला फार लागलं.

आता मला तीन गोष्टी कळत नाहीत. एक, १०० टक्के झालं म्हणजे नक्की काय झालं? दुसरं, राइट क्लिक केलं की अनमाउंट, इजेक्ट आणि सेफली रिमूव्ह ड्राइव्ह असे तीन पर्याय येतात, त्यातला कुठला दाबायचा? आणि तिसरं म्हणजे मला हे बनवणाऱ्यांना नीट लिहून कळवायचंय, कारण कामाला ठेवलेल्या पोराला मी कितीही सांगितलं तरी स्क्रीनवर जे दिसतं त्यावरच तो विश्वास ठेवणार ना, मग नक्की काय बदल मागू?

कर्नलकट्टा

दादा, चूक तुमची नाही, ती पट्टी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगत होती.

लिनक्समध्ये फाइल कॉपी केली की डेटा आधी रॅममध्ये जातो, तिथून तो मागच्या मागे पेन ड्राइव्हवर लिहिला जातो. फाइल मॅनेजर मोजतो ते रॅममध्ये किती गेलं ते, आणि रॅम तर विजेसारखी. हा साठा किती वाढू द्यायचा याची मर्यादा टक्क्यांत असते, वापरता येण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर साठा गेला की मागे जोरात लिहायला सुरुवात होते आणि २० टक्क्यांना पोचला की कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवून धरतात. ज्या काळात मशिनला मोजके एमबी रॅम असायची त्या काळात हा हिशोब ठीक होता. आज १६ जीबी रॅम असेल तर २० टक्के म्हणजे ३ जीबीच्या आसपास, म्हणजे तुमचं १.४ जीबी सगळंच्या सगळं त्यात बसलं. स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला ६ एमबी लिहीत असेल तर त्याला प्रत्यक्षात चार मिनिटं लागणार होती आणि तुम्ही तो बाराव्या सेकंदाला काढलात. २०१३ मध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्या लोकांमध्ये यावर मोठी चर्चा झाली होती, म्हणजे दुखणं जुनंच आहे.

स्वतः बघायचं असेल तर मोठी फाइल कॉपी करा आणि प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो नावाची फाइल (/proc/meminfo) पुन्हा पुन्हा उघडून बघा, त्यात डर्टी (अजून लिहायचं बाकी) आणि राइटबॅक (आत्ता लिहिलं जातंय) अशा दोन ओळी आहेत. पट्टी संपल्यावरही डर्टीचा आकडा हळूहळू उतरताना दिसेल. टर्मिनलमध्ये नुसतं सिंक (sync) लिहून एंटर मारलं तरी सगळं लिहून होईपर्यंत कर्सर परत येत नाही, पोराला तेवढं तरी शिकवा.

आता ते तीन पर्याय. अनमाउंट म्हणजे त्या पार्टिशनचं (डिस्कच्या त्या भागाचं) उरलेलं सगळं लिहून ते बंद करणं, डिव्हाइसची वीज चालूच राहते. इजेक्ट हे मुळात सीडीसाठी आणि कार्ड रीडरमधल्या कार्डासाठी. सेफली रिमूव्ह म्हणजे आख्खं डिव्हाइस बंद, त्यावरची सगळी पार्टिशन्स मिटवून वीजही तोडायची, बाहेरची हार्ड डिस्क असेल तर तिची फिरणारी तबकडी थांबते, म्हणून तिच्यासाठी हाच वापरायचा. साध्या पेन ड्राइव्हला तिन्हीतलं काहीही चालतं, फक्त ते पूर्ण होऊ द्यायचं. दाबलं की लगेच ओढायचं नाही.

फोटोस्टुडिओ

कार्ड रीडरबद्दल एक अनुभव टाकतो. सेफली रिमूव्ह दाबलं की रीडरच बंद पडतो आणि मग दुसरं कार्ड घातलं तरी दिसत नाही, रीडर काढून परत लावावा लागतो. लग्नाच्या दिवशी पाच-सहा कार्डं एकामागून एक उतरवायची असतात तेव्हा जीव जातो. कार्डाला इजेक्टच. पण हे मला कुठल्याही स्क्रीनने सांगितलं नाही, दोन सीझन गेले कळायला.

बिनधास्त७७

मी दहा वर्षं सरळ ओढून काढतोय, विंडोज वापरतो, आजवर एकही फाइल गेली नाही. उगाच बाऊ करता राव.

कर्नलकट्टा

@बिनधास्त७७ तुमचं खरं असू शकतं आणि त्याला कारणही आहे. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, यूएसबी डिस्कसाठी क्विक रिमूव्हल हेच डिफॉल्ट आहे, त्यात डिस्कसाठी राइट कॅश, म्हणजे आधी रॅममध्ये साठवून मग लिहिणं, वापरतच नाहीत, म्हणून पट्टी हळू चालते पण बऱ्यापैकी खरं बोलते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉलिसीज टॅबवर बघा. तिथे कोणी बेटर परफॉर्मन्स निवडून ठेवलं असेल तर मात्र तुमची दहा वर्षांची सवय एका दिवसात अंगाशी येईल. आणि क्विक रिमूव्हल असलं तरी लिहिणं चालू असताना काढलं तर फाइल जाणारच. पेन ड्राइव्हवर बहुतेक वेळा फाइली मांडायची फॅट३२ किंवा एक्सफॅट ही पद्धत असते, त्यात जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नाही, मध्येच तुटलं तर एकच फाइल जाईल असंही नाही, फोल्डरची यादीच बिघडू शकते. लिनक्सच्या एक्सटी४ पद्धतीला जर्नल आहे पण तेसुद्धा यादी सांभाळतं, जे रॅममध्येच राहिलं ते कुठून आणणार?

शाळेतल्याताई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमच्याकडे संगणक कक्ष आहे. मला चिन्हाबद्दल बोलायचंय. त्रिकोण आणि खाली आडवी रेघ, हे चिन्ह आपल्या पिढीला टेपरेकॉर्डरमुळे, व्हीसीआरमुळे माहीत. सातवीच्या मुलांना मी विचारलं हे काय, तर निम्म्या मुलांनी सांगितलं "वर जायचा बाण", एक मुलगी म्हणाली अपलोड. त्यांनी कॅसेट पाहिलेलीच नाही तर त्यांना कसं कळणार, यात त्यांचा काय दोष. मी शेवटी प्रत्येक मॉनिटरवर कागद चिकटवलाय.

आणि दुसरं, "डिव्हाइस इज बिझी" असं येतं तेव्हा मुलं घाबरतात, त्यांना वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. कोण बिझी आहे ते सांगा ना. बऱ्याचदा पेन ड्राइव्हवरचं चित्र उघडं राहिलेलं असतं, तेवढंच.

जुनामॅकवाला

ताईंचा मुद्दा पटला. जुन्या मॅकच्या फ्लॉपी ड्राइव्हला बाहेर काढायचं बटणच नसायचं, कॉम्प्युटरला सांगायचं आणि तो स्वतः मोटरने फ्लॉपी बाहेर ढकलायचा, अडकलीच तर बारीक भोकात पेपर क्लिप घालायची. त्यामुळे "आता काढू का" हा प्रश्नच नव्हता, बाहेर आली म्हणजे काम झालं. त्यातही एक घोटाळा होता, बाहेर काढायला डिस्कचं चित्र कचरापेटीवर ओढायचं असायचं, आणि नवीन माणसाला वाटायचं आता सगळं पुसलं जाणार. नंतर मॅक ओएस टेनमध्ये ओढायला लागलं की कचरापेटीचं चित्र बदलून इजेक्टचं चिन्ह दिसायला लागलं. यूएसबीमध्ये धरून ठेवणारं काहीच नाही, माणूस कधीही ओढू शकतो, म्हणून स्क्रीनवर जास्त स्पष्ट सांगायला हवं, आणि नेमकं तिथेच कमी सांगितलं जातं.

कर्नलकट्टा

ताई, बिझीबद्दल. लिनक्सच्या मोठ्या डेस्कटॉपमध्ये आता कुठला प्रोग्रॅम अडवतोय त्याचं नाव दाखवतात, पण ते प्रोग्रॅमचं नाव असतं, उघड्या फाइलचं नाही. विंडोजमध्ये सूचनेत बहुधा नावच नसतं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून कर्नल पीएनपीची २२५ नंबरची नोंद शोधली तर सापडतं. म्हणजे माहिती मशिनकडे आहे, फक्त माणसासमोर ठेवत नाहीत, आणि सातवीतल्या मुलाने इव्हेंट व्ह्यूअर उघडावा अशी अपेक्षा करणं मला तरी पटत नाही.

पत्रिकावाला

सगळ्यांचे मनापासून आभार, डर्टीचा आकडा खरंच उतरताना बघितला, अंगावर काटा आला. म्हणजे इतके दिवस मी नशिबावर चालत होतो.

बनवणाऱ्यांना पाठवायला असं लिहितोय, बघा बरं:

"पेन ड्राइव्हवर कॉपी करताना पट्टीने खरं लिहिलेलं मोजावं. काढायचं बटण दाबल्यावर 'अजून ८४० एमबी लिहायचं बाकी आहे, डिव्हाइस काढू नका' असं लिहून झाल्याशिवाय न जाणारं दिसावं, मग 'लिहून झालं, आता काढा'. तीन पर्यायांऐवजी मेनूत एकच असावा, बाकी दोन आत कुठेतरी ठेवा."

कर्नलकट्टा

पहिलं वाक्य एकदम बरोबर, तेच मुख्य ठेवा. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने थोडं थोडं लिहून प्रत्येक वेळी एफसिंक (हे आत्ता डिस्कवर लिही अशी आज्ञा) मागितला तर डिस्कवर पोचल्याशिवाय कर्नल उत्तर देत नाही, पट्टी आपोआप खरी होते, कॉपी हळू दिसेल पण एकूण वेळ फारसा वाढणार नाही. ८४० एमबीचा आकडा मात्र मागू नका, डर्टीचा आकडा सगळ्या डिस्कचा मिळून असतो, त्यावरून एकट्या पेन ड्राइव्हचं सांगता येत नाही आणि त्या एका मुद्द्यावर सगळी मागणी अडकून पडेल. "अजून लिहितोय" एवढं पुरे. जीनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये अशी सूचना येते, पण ती वर येते आणि निघून जाते, ती टिकावी असं लिहा.

फोटोस्टुडिओ

एकच पर्याय ठेवा म्हणताय पण कार्ड रीडरचं विसरू नका, तिथे रीडर बंद होता कामा नये, हे वेगळं लिहा प्लीज.

शाळेतल्याताई

"आता काढा" असं लिहिलं तर मुलं काम अर्धं टाकून खरंच काढतील, "आता काढला तरी चालेल" असं लिहा. आणि डिव्हाइस म्हणू नका, पेन ड्राइव्हचं नाव दाखवा, आमच्याकडे एकाच मशिनला दोन-दोन लावलेले असतात आणि हमखास चुकीचाच ओढतात.

पत्रिकावाला

हो ताई, दुकानात तर कधी तीनही असतात. दोन्ही बदल केले, कार्ड रीडरचं वाक्यही टाकलं. उद्या सकाळी इंग्रजीत करून पाठवतो, काय उत्तर येतं ते इथेच टाकेन.