नॅशव्हिलच्या सत्याग्रहामागची तालीम
अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात दुकानांचे उपाहार-काउंटर कृष्णवर्णीयांना बंद असण्याविरुद्ध १९६० मध्ये झालेला बैठा सत्याग्रह हा विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त उद्रेक होता, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात काम करताना गांधीविचार अभ्यासून परतलेले कृष्णवर्णीय कार्यकर्ते जेम्स लॉसन त्याआधी कित्येक महिने एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांची तालीम घेत होते. तिथे काही जण गोरे गुंड बनून शिव्या देत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली ओढत आणि उरलेल्यांनी हात न उगारता डोके कसे वाचवायचे ते शिकायचे. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकत असलेल्या लॉसन यांना या सत्याग्रहामुळे काढून टाकले, तरी कृष्णवर्णीयांनी दुकानांवर टाकलेला बहिष्कार ढिला पडला नाही आणि १० मे १९६० रोजी सहा दुकानांनी आपले उपाहार-काउंटर कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी खुले केले.