एसवायबीए इतिहास: ठाण्यावर क्षेत्र प्रकल्प करायचाय, साधनं कुठली आणि तारखा कशा जुळवायच्या?

सेमिस्टर_चौथं

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या कॉलेजात एसवायबीएला आहे, मेजर इतिहास. दोन क्रेडिटचा क्षेत्र प्रकल्प आहे आणि विषय सध्या "ठाण्याचा मराठेकालीन इतिहास" एवढाच ठरलाय. हातात आठ-दहा आठवडे. जाणकारांना विचारायचं ते असं: विषय एवढा मोठा ठेवून चालेल का? मोडी येत नाही, तरी मूळ कागद वापरता येतात का? अभिलेखागारात पदवीच्या मुलांना बसू देतात का? आणि १७३७ ची मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची मोहीम वाचायला घेतली तर एकाच घटनेला कुठे १७३६, कुठे १७३७ दिसतं, त्याचं काय करायचं?

माझी मैत्रीण घणसोलीला राहते. तिला नवी मुंबईतल्या गावांवर मुलाखती घेऊन प्रकल्प करायचाय. तिच्यासाठीही सांगा.

दप्तरखाना

विषय चालणार नाही. "ठाण्याचा इतिहास" घेतलास की शिलाहारांपासून सुरुवात होते, मग पोर्तुगीज, मग चिमाजी अप्पा, शेवटी १६ एप्रिल १८५३ ची रेल्वे, आणि तीस पानांत एकही प्रश्न विचारलेला नसतो. परीक्षकाने असे प्रकल्प पोत्याने पाहिलेले असतात.

हिशेब वेळेपासून कर. क्षेत्रकामाला एका क्रेडिटचे तीस तास धरतात, म्हणजे तुझ्याकडे साठ तास आहेत. त्यातले पंधरा लिहिण्यात आणि टिपा नीट करण्यात जातात, पाच-सहा प्रत्यक्ष जागा पाहण्यात. उरलेल्या चाळीसेक तासांत पंचवीस ते तीस पत्रं काळजीपूर्वक वाचून होतात, जास्त नाही. तेव्हा प्रश्नही तीस पत्रांत मावेल एवढाच हवा. उदाहरणार्थ: ठाण्याचा किल्ला मार्च १७३७ च्या अखेरीस हातात आल्यापासून पावसाळा लागेपर्यंत साष्टीतल्या (ठाणे आणि आजची मुंबईची उपनगरं असलेल्या बेटावरच्या) फौजेला धान्य, दारूगोळा आणि होड्या कुठून येत होत्या? जागा एक, मुदत दोन-अडीच महिन्यांची, आणि पत्रांत या मागण्या असतातच.

कागद छापील वापर. पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी संपादित केले आणि ते १९३० च्या दशकात छापले गेले. ते देवनागरीत आहेत आणि त्यात वसईच्या मोहिमेवर स्वतंत्र खंड आहे. ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे, आधी तिथे विचार. जोडीला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड घे. तेरावा दोन भागांत आहे, चौदावा स्थळांचा, सगळे १८८२ चे. स्कॅन नेटवर फुकट मिळतात.

एक मात्र ध्यानात ठेव. छापील खंड म्हणजे संपादकाने *निवडलेले* कागद. लढाईचे कागद भरपूर निवडले जातात, जमाखर्चाचे कमी. म्हणून "छापील पत्रांत रसदीचा उल्लेख नाही" यावरून "रसद नव्हती" असं लिहू नकोस. ही मर्यादा प्रस्तावनेतच दोन ओळींत मांड.

जंत्रीवाले

तारखांचं उत्तर जरा लांब आहे, पण हे जमलं तर प्रकल्पाचा निम्मा दर्जा इथेच ठरतो.

पेशव्यांच्या पत्रात बहुधा शुहूर सन, म्हणजे तेव्हा दप्तरात चालणारी कालगणना, असतो, कागदावर "सु॥" असा. आकडा अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने येतो: आधी एकं, मग दहं, मग शंभर, शेवटी हजार. एकं असे: इहिदे, इसने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. दहं असे: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. घोटाळा होतो तो सलास (३) आणि सलासीन (३०), तसंच समान (८) आणि समानीन (८०) यांत. घाईत वाचलं की काही दशकांची चूक आरामात होते.

"सबा सलासीन मया व अलफ" म्हणजे ७ + ३० + १०० + १०००, अर्थात ११३७. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पत्रात "छ" दिसला की तो चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तिथी. "छ २५ जिल्काद, सु॥ सबा सलासीन" असं असेल तर तो मार्च १७३७ चा शेवट येतो. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, तेवढी सूट ठेवा.

शकाचंही तसंच. शके १६५८ फाल्गुन वद्य म्हणजे मार्च १७३७, कारण पाडवा अजून यायचा असतो. ७८ मिळवायचे ते पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९.

तिसरी भानगड मुंबईच्या इंग्रजांची. १७५२ पर्यंत इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते, ते अठराव्या शतकात अकरा दिवस मागे होतं आणि त्यांचं वर्ष बदलायचं २५ मार्चला. म्हणजे आपल्या हिशेबाचा २७ मार्च १७३७ त्यांच्या कागदावर १६ मार्च १७३६ असतो. जपून लिहिणारा १७३६/३७ असं लिहितो, सगळेच लिहीत नाहीत. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्या कागदावर थेट २७ मार्च १७३७.

आता गंमत बघा. शुहूर ११३७ ला सरसकट ५९९ मिळवले तर १७३६. शके १६५८ ला सरसकट ७८ मिळवले तरी १७३६. इंग्रजी कागद जसाच्या तसा उतरवला तरी १७३६. तीन चुका एकमेकींची साक्ष देतात आणि विद्यार्थ्याला वाटतं, तीन साधनांनी पुरावा झाला, पोर्तुगीजच चुकले असणार. तुम्हाला दिसलेला १७३६ बहुतेक यातूनच आलाय.

म्हणून वहीत प्रत्येक पत्रासाठी एकच तारीख लिहू नका. कागदावर जशी आहे तशी, मग संपादकाने दिलेली, मग जंत्रीवरून (वेगवेगळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून दाखवणाऱ्या तक्त्यावरून) स्वतः काढलेली, असे तीन रकाने करा. संपादकाची तारीख कंसात असेल तर तो त्याचा तर्क असतो, पत्रातला मजकूर नव्हे.

सेमिस्टर_चौथं

बाप रे. तीन रकान्यांचं लगेच करते. मग मोडी शिकायचीच नाही का? आणि मूळ कागद एकदा तरी बघता येईल का?

मोडीप्रेमी

वरच्या "छापील वापर" या सल्ल्याशी पूर्ण सहमत नाही. साठ तासांत मोडी दप्तर वाचता येणार नाही हे खरं. अक्षरओळख दोनतीन आठवड्यांत होते, अडतं ते पुढे. आधी पानभर शिरोरेघ ओढून मग लिहिलेलं असतं, त्यामुळे शब्द तुटत नाहीत. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नसतो. शिवाय संक्षेपही असतात. पण छापील खंडातल्या एखाद्या पत्राची मूळ प्रत पाहायला मिळाली, तर ती छापील मजकुराशी ओळीने ताडून बघ. कुठे शब्द गळलाय, कुठे संपादकाने शब्दांची तोडणी वेगळी केलीय हे कळतं. असं एक पत्र परिशिष्टात दिलंस तर प्रकल्प वेगळाच दिसेल.

पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. मुंबईचं अभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. इंग्रज अमदानीचे कागद पाहायचे तर तिथे. पदवीचे विद्यार्थी म्हणून अडवतील अशी भीती नको, पण तयारीने जा. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, फोटो. पत्रात विषय आणि कालखंड नेमका हवा. "ठाण्याबद्दल माहिती" असं लिहिलेलं असलं की तिथला माणूस तरी कुठला रुमाल (कागदांचं गाठोडं) काढून देणार? आधी फोन करून वेळ, सुट्ट्या आणि फोटो काढण्याचे नियम विचारून घे. पहिला दिवस सूच्या बघण्यातच जातो. आत पेन्सिल वापर.

खाडीपलीकडे

मैत्रिणीसाठी. मुलाखती सोप्या वाटतात, पण तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चार ते सहा तास लागतात. तेव्हा साठ तासांत चार मुलाखती, प्रत्येकी पाऊण तासाच्या. पाचवी घेऊ नये.

विषय "नवी मुंबईचा विकास" नको. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १७ मार्च १९७० ला स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं त्यात आली. त्यातलं एकच गाव घ्यावं आणि प्रश्नही एकच, जसं भातशेती आणि मासेमारी सुटल्यावर घरातल्या बायकांची कमाई कशावर आली? यावर कागद कमी आहेत, म्हणून मुलाखतीला अर्थ आहे. मोबदल्याचे आकडे मुलाखतीतून घेऊ नयेत, ते कागदावर मिळतात.

जाण्याआधी त्या कुटुंबाचा सातबारा आणि शक्य असेल तर फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, बघून ठेवावा. जमीन संपादनाची नोंद त्यात असते. मग आजोबांना "कोणत्या साली?" असं विचारायचं नाही. साल चुकतं, क्रम सहसा चुकत नाही. "जानेवारी १९८४ च्या उरणच्या गोळीबाराआधी की नंतर? वाशीला लोकल आली तेव्हा घर बांधलेलं होतं का?" असं विचारावं. गोळीबार जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनावरचा, लोकल १९९२ ची, म्हणजे दोन खुंट्या मिळाल्या.

बोली आगरी असेल तर उतरवताना प्रमाण मराठी करू नये. अर्थ हवा तर खाली द्यावा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच नाव वापरायचं की नाही हे विचारून उत्तर रेकॉर्ड करावं. जमीन गेलेल्यांना परत मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरून घराघरात वाद आहेत. भावाच्या हिश्श्याबद्दल कुणी बोललं तर ते प्रकल्पात नावानिशी जाता कामा नये. आणि मुलाखत सरपंचाच्या ओट्यावर घेऊ नये, तिथे सगळे एकच उत्तर देतात.

दप्तरखाना

मोडीप्रेमींचं एका पत्राचं सुचवणं मान्य.

गॅझेटियरबद्दल एक राहिलं, दोघींनाही लागू. त्यातला "ठाणे जिल्हा" म्हणजे आजचा जिल्हा नव्हे. त्यात डहाणूपर्यंतचा आजचा पालघर होता (तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला), साष्टी म्हणून आजची मुंबईची उपनगरं होती आणि पनवेलही होतं. १८८१ च्या जनगणनेचा जिल्ह्याचा आकडा २०११ च्या शेजारी ठेवून "वाढ" काढली की तो तक्ता बाद. तुलना करायचीच असेल तर ठाणे शहर किंवा एखादं गाव घ्या, आणि शहराची हद्द तेव्हा कुठपर्यंत होती ते तळटीपेत लिहा.