अनुभव धागा: इग्निशन स्विचचा एरर कोड आला, पण दोष नेमका कुठे सापडला?

मागच्या महिन्यात खंबाटकी चढताना गाडी क्षणभर मेली. सगळे काटे खाली, स्टिअरिंग जड, आणि लगेच सगळं पूर्ववत. मागे आई-बाबा होते. हातपाय गार पडले माझे.

स्कॅनरवर पी२५३४ निघाला. चावी 'रन' किंवा 'स्टार्ट'वर असताना इंजिनच्या कंप्युटरला व्होल्टेज कमी पोचतंय, एवढाच त्याचा अर्थ. गॅरेजने स्विच बदलला. चार दिवसांत तोच कोड पुन्हा!

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने चावी ऑन ठेवून मोजत मोजत शोध घेतला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, कंप्युटरच्या कनेक्टरवर ९.८. स्विचच्या दोन टोकांमध्ये फक्त ०.१ चा फरक, म्हणजे स्विच ठणठणीत. फ्यूजही शाबूत, पण तो जिथे बसतो ती पत्ती ढिली होऊन तापून काळी पडली होती. बाकीचे व्होल्ट तिथेच अडकत होते.

तुमचे अनुभव सविस्तर लिहा. आकडे असतील तर फार बरं.

रत्नागिरीहून
आमच्याकडे खारी हवा. स्टिअरिंगखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर धरला होता. कोड फक्त सकाळी यायचा. पिना साफ करून घट्ट केल्यावर गेला.

सांगलीहून, २२ वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन
वायर जोडलेली आहे असं सांगणाऱ्या मल्टिमीटरच्या 'बीप'वर विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो आणि आपण वायर चांगली समजतो. प्रत्यक्ष करंट वाहू लागला की ती तार दम तोडते. मी कनेक्टर काढून पुरवठ्याच्या वायरीवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. बल्ब मंद पेटला की दोष त्याच्या मागे, बॅटरीच्या बाजूला आहे. मग चावी आणि वायरिंग हळूहळू हलवत बघायचं, बल्ब कुठे लुकलुकतो ते.

मात्र कंप्युटरच्या सिग्नलच्या वायरींवर बल्ब कधीच लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हातही नको. स्टिअरिंगचं कव्हर उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. घाईत माणूस जखमी होऊ शकतो.

नागपूरहून
बाहेरून बसवलेल्या रिमोट लॉकसाठी इग्निशनची वायर सोलून नुसती पिळली होती. वर टेप! सोल्डर करून घेतली, त्यानंतर त्रास नाही.

मिशिगनहून
इथे जनरल मोटर्सचं २०१४ चं प्रकरण लोक विसरलेले नाहीत. स्विचची अंतर्गत पकड कमकुवत होती. चाव्यांच्या जुडग्याच्या वजनाने किंवा धक्क्याने चावी 'रन'वरून सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडत नसत. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तेव्हापासून मी गाडीची चावी एकटीच ठेवतो. चालत्या गाडीत असं झालं असेल तर कोड पुसून पुढे जाऊ नका, कारण सापडेपर्यंत गाडी उभीच ठेवा.

नाशिकहून
माझ्याकडे कोड फक्त सेल्फ मारताना यायचा. त्या क्षणी बॅटरी ८.७ पर्यंत पडत होती, ९.६ च्या वर राहायला हवी. स्विच मागवलाच होता, तो परत केला. नवी बॅटरी टाकून दोन महिने झाले, डॅशबोर्डवरचा इंजिनचा इशारा-दिवा पुन्हा लागलेला नाही.