807 ट्रान्समीटर: टँक कॉइल आणि एचटी वायर कशाची?

जुनी_झाळ:
1950 च्या दशकातला एएम रेडिओ ट्रान्समीटर, फायनलला (शेवटच्या पॉवर टप्प्याला) एक 807 व्हॉल्व्ह (निर्वात नळी), प्लेटला (ॲनोडला) 600 व्होल्ट, 40 मीटर बँड (7 मेगाहर्ट्झ). टँक कॉइलवरचा (फायनलच्या ट्यूनिंगची कॉइल) चांदीचा मुलामा काळा पडलाय. कुणीतरी चार वेढे पितळी नळीचे जोडलेत. एचटी (उच्च दाबाच्या) वायरचं रबर हात लावताच भुगा होतंय. पितळ ठेवू? चांदी घासू? एचटीला साधी पीव्हीसी चालेल?

तांबट:
पितळ काढाच. 7 मेगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह वरच्या जेमतेम 25 मायक्रॉनमधून जातो, आतल्या धातूला काही अर्थ नाही. पितळाची रोधकता तांब्याच्या सुमारे चौपट. आरएफला (रेडिओ वारंवारतेला) रोध तिच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे जवळपास दुप्पट. उलट चांदीचा फायदा तीनेक टक्केच, नवा मुलामा चढवण्यात पैसे घालू नका. एसी मेकॅनिककडची 1/4 इंची मऊ तांब्याची नळी घ्या, बारीक कोरडी वाळू ठासून भरा, टोकं बंद करून मग वळवा. नाहीतर वळताना चेपते. सोल्डर फक्त सांध्यापुरतं. वेढ्यावर पसरलं की प्रवाह त्यातूनच जातो आणि तोटा वाढतो.

खडखड:
एवढ्या पॉवरला नळी म्हणजे चैन, 12 एसडब्ल्यूजी (सुमारे 2.6 मिमी जाड) तांब्याची तार पुरते. पण तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा: आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा थर आहे, चुंबकाला चिकटली तर आत पोलाद.
काळं आहे ते सिल्व्हर सल्फाइड. वेढ्यांवर राहू द्या, प्रवाह खालच्या चांदीतून जातो. फक्त टॅपच्या (मधल्या वेढ्याला जोडणीच्या) क्लिपखाली काढा, तिथेच संपर्क तापतो. पॉलिशने घासाल तर चांदीच निघून जाईल. कॉइल सोडवता येत असेल तर ॲल्युमिनियम फॉइलला टेकवून गरम पाण्यात खायच्या सोड्याबरोबर ठेवा, मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

तांबट:
एचटीबद्दल. प्रवाह 100 मिलीअँपियरच्या आसपास, त्यामुळे जाडीची चिंता नको, आवरणाची करा. शंभर टक्के मॉड्युलेशनला (आवाज पूर्ण चढवल्यावर) प्लेटच्या एचटी पुरवठ्यावर 1200 व्होल्टचं शिखर येतं, म्हणून 600 व्होल्टची टेफ्लॉन वायरही मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढे कमीच. 3 केव्हीची सिलिकॉन वायर घ्या. साधी पीव्हीसी 807 च्या उष्णतेने मऊ होते. हात घालण्याआधी प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर मीटरने मोजा. तो रिकामा करणारा ब्लीडर रोध तुटून उघडा झालेला असू शकतो.

जुनी_झाळ:
आरजी-58 कोएक्स केबलचा आतला गाभा एचटीला वापरू का, जाळी काढून?

खडखड:
चालेल, पण त्याचं पॉलिथिनचं आवरण उष्णतेला कच्चं, व्हॉल्व्हपासून लांब ठेवा. प्लेट कॅपकडची (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या टोकाकडची) शेवटची जोडणी सिलिकॉनचीच, लवचीक आणि आखूड.