आंबट लागते म्हणून सिंगल ओरिजिन सोडू नका

'एस्प्रेसोला ब्लेंडच (वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉफी बियांचं मिश्रण) हवं, सिंगल ओरिजिन (एकाच ठिकाणच्या बियांची कॉफी) आंबटढाण लागते' असं म्हणतात, ते काही मला पूर्ण पटलं नाही. बियांना दोष देण्याआधी पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा. मीही आधी पाकीट आल्या दिवशीच फोडायचो. शॉट (मशीनमधून निघणारी एका वेळची एस्प्रेसो) नुसता फेसाळत यायचा आणि चव तोंड वाकडं करणारी, कारण ताज्या भाजलेल्या बियांतला कार्बन डायऑक्साइड पाण्याला पुडीशी नीट भिडूच देत नाही. आता दहा-बारा दिवस पाकिटाला हात लावत नाही. (घरचे विचारतात, लोणचं मुरवतोयस का?)

सुरुवात करायची तर मॉन्सून्ड मलबार घ्या. मंगळूरकडच्या गोदामांत हिरव्या बिया पावसाळी दमट वाऱ्यावर काही आठवडे पसरून ठेवतात. त्या फुगतात, पिवळट पडतात आणि आंबटपणा बराचसा निघून जातो. कॉफी दाट, थोडी मातकट, दुधातही हरवत नाही. फळांची गोडी हवी असेल तर चिकमगळूरची नॅचरल (फळासकट वाळवलेली) अरेबिका, मीडियम रोस्ट म्हणजे मध्यम भाजलेली.

इथिओपियातल्या यिर्गाचेफेची वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेली), लाइट रोस्ट म्हणजे हलकी भाजलेली कॉफी मात्र एवढ्यात नको. उंचावरच्या घट्ट बिया, दळण बरंच बारीक लागतं. साध्या ग्राइंडरचा तिथे घामटा निघतो.

माझं नेहमीचं माप १८ ग्रॅम पूड, कपात उतरलेली कॉफी ३६ ग्रॅम, २५ ते ३० सेकंद. लाइट रोस्टला ४५ ग्रॅमपर्यंत जाऊ देतो, पाणीही जरा जास्त तापवतो. तुमचा ग्राइंडर कोणता आहे?