पद्मसाठी नाव कोण सुचवतं?

'दिल्लीत वशिला नसेल तर पद्म पुरस्कार विसरा, सोलापूरकडे कोण बघतंय' असं आपल्याकडच्या कलाकारांबद्दल म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. वशिल्याचं माहीत नाही, पण आधी नाव तर जायला हवं! पद्मसाठी कोणीही नागरिक ऑनलाइन नामांकन करू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा. पुढे कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती नावं पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे पाठवते. सतारवादक विलायत खाँसाहेबांनी 1964 आणि 1968 मध्ये पद्म नाकारलं ते याच मुद्द्यावर, की आमची सतार जोखायला या समितीला कळतं काय. संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचं तसं नाही, तिथे निर्णय घेणाऱ्या महापरिषदेत कलावंतही असतात.

आमच्याकडच्या एका वयस्कर गुरुजींचा अर्ज आम्ही शिष्यांनी भरला तेव्हा घोडं अडलं ते पुराव्यावर. कार्याची माहिती 800 शब्दांत बसवायची होती. गुरुजींनी आयुष्यभर गावोगावच्या सप्ताहांत आणि गणेशोत्सवांत गायलेलं, शिकवणी बहुतेक फुकट, कात्रणं वाळवीने खाल्लेली. आकाशवाणीने कलाकार म्हणून दिलेली ग्रेड (श्रेणी) आणि सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या कार्यक्रमांच्या दोन-तीन पत्रिका, एवढाच कागद हाती. मुंबई-पुण्याच्या कलाकाराकडे समीक्षा, ध्वनिमुद्रिका, परदेश दौरे असा गठ्ठाच तयार असतो. सुंदरीसारखं (सनईसारखं, पण लहान) आपल्याकडचं वाद्य वाजवणाऱ्यांची तर आणखी पंचाईत, आधी वाद्य काय तेच समजावून सांगायचं. त्यात पद्म सहसा मरणोत्तर देत नाहीत, म्हणून ज्यांचे गुरू सत्तरीपुढे आहेत त्यांनी कात्रणं आणि जुन्या कॅसेटी आत्ताच स्कॅन-डिजिटल करून ठेवा.